फलाट, जिना आणि बाहेरचा रस्ता

(स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य व अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



उपनगरी रेल्वेचा विषय निघाला की आपण गाड्या मोजू लागतो. फेऱ्या वाढल्या, बाराचे पंधरा डबे झाले की प्रश्न सुटला, असे मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. मी आज बोलणार आहे ते गाडीतून उतरल्यानंतरच्या शे-दोनशे पावलांविषयी.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यास आली, तेव्हा १४ डब्यांत सुमारे ४०० पाहुणे होते. आज गर्दीच्या वेळची एकच लोकल त्याच्या दसपट माणसे वाहून नेते. गाडीची लांबी वाढविता येते. परंतु ज्या फलाटाच्या दोन्ही अंगांस रूळ आहेत, त्याची रुंदी वाढवावयाची कशी? ठाण्याच्या ५ व ६ क्रमांकांच्या फलाटांपुढे हाच पेच होता. अखेर मे २०२४ च्या शेवटी ६३ तासांचा ब्लॉक घेऊन रूळच बाजूला सरकविण्यात आले आणि तयार काँक्रीटचे ठोकळे बसवून फलाट दोन ते तीन मीटर रुंद करण्यात आला. त्यासाठी नऊशेहून अधिक लोकल फेऱ्या रद्द कराव्या लागल्या. दोन-तीन मीटर म्हणजे आपल्या घरातील एका खोलीची रुंदी! जागा आधी राखली नाही, तर ती पुढे कोणत्या भावाने घ्यावी लागते, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरे उदाहरण सांगताना मन जड होते. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसे मृत्युमुखी पडली. पाऊस आला म्हणून काही जण जिन्यावर थांबले होते आणि मागून गाड्यांतून उतरलेले लोक येतच होते. या दुर्घटनेचे मूळ मात्र त्या सकाळच्या पावसापेक्षा बरेच जुने आहे. परळ भाग गिरण्यांचा होता. गिरणी कामगार बहुतांशी जवळच्या चाळींत राहत आणि पायी कामावर जात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व त्या जमिनींवर कचेऱ्यांच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांत काम करणारे मात्र दूरच्या उपनगरांतून रेल्वेने येऊ लागले. इमारतींना परवानगी एका कार्यालयाने दिली. पूल दुसऱ्याच्या ताब्यात होता. या दोहोंचा हिशेब एका कागदावर कोणी मांडला नाही. पुढे लष्कराच्या साहाय्याने नवा पूल उभारून तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला करण्यात आला. अवघ्या काही महिन्यांत हे होऊ शकले, ही गोष्ट समाधानाची म्हणावी की खेदाची, ते आपणच ठरवा.

रेल्वेची हद्द जिन्याच्या पायथ्याशी संपते व तेथून नगरपालिकेची किंवा पंचायतीची सुरू होते. प्रवाशाला ही रेषा दिसत नाही. त्याला दिसतात त्या रिक्षा, फेरीवाले आणि उघडे गटार. ठाण्यास पश्चिमेकडे महापालिकेने ‘सॅटिस’चा उन्नत मार्ग बांधून बसगाड्या वर घेतल्या व रिक्षा खाली ठेवल्या. त्यावरही गर्दी होतेच, हे मी नाकारत नाही. परंतु एका स्थानिक संस्थेने स्थानकाबाहेरची जबाबदारी आपली मानली, याला महत्त्व आहे.

आपल्यापैकी अनेक जण पनवेल-कर्जत पट्ट्यातून आले आहेत, म्हणून हे सारे सांगितले. या उपनगरी मार्गावर चिखले, मोहापे, चौक अशी गावे येतात. स्थानक आले की जमिनीचे भाव चढतात आणि सर्वांत आधी व्यापली जाते ती स्थानकाच्या तोंडाशी असलेली मोकळी जागा. प्रथम एक टपरी, मग पत्र्याची शेड, मग पक्के गाळे. पुढे तेथे बस वळू शकत नाही व रुग्णवाहिकाही शिरू शकत नाही. गाळ्यांना ना-हरकत दाखला देण्याचा विषय सभेपुढे येईल, तेव्हा अर्जदार ओळखीचाच असेल आणि नाही म्हणणे जड जाईल, याची मला जाणीव आहे.

दुपारच्या सत्रात आपण गावठाणाचे नकाशे उघडणार आहोत. ज्यांच्या हद्दीत स्थानक आहे किंवा होणार आहे, त्यांनी नकाशावर जिना कोठे उतरतो ती जागा पेन्सिलीने दाखवावी आणि तिच्यासमोरील गट क्रमांक कोणाच्या नावावर आहे, ते तलाठ्याकडील सात-बाराच्या उताऱ्यावरून पाहून ठेवावे.