पातळ लॅपटॉप कोणी घ्यावा?



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा एका स्नेह्याने आम्हास विचारले, "जन्मभर बोनस, ग्रॅच्युइटी आणि कपात यांवर बोललात, हा लॅपटॉपचा धंदा कधीपासून?" आम्ही म्हटले, धंदा नव्हे, हिशेब. गेल्या साली आमच्या युनियनच्या कार्यकारिणीपुढे एक ठराव आला. दोन लॅपटॉप घ्यावयाचे होते. एका तरुण सभासदाने सुचविले की घ्यावयाचेच तर ते पातळ, हलके, लाखाच्या घरातले घ्या. वारंवार खर्च नको. दुसरा ताडकन उठून म्हणाला, "वर्गणीच्या पैशातून लाखाचे यंत्र? उद्या गेटवर तोंड कसे दाखवायचे?" दोन बैठका या वादात गेल्या. दोघेही प्रामाणिक होते; पण यंत्राने करावयाचे काम कोणते, हे दोघांपैकी एकानेही सांगितले नव्हते. म्हणून हा विषय आमच्या गळ्यात पडला. आमची शाळा नववीत सुटली. जे काही इंग्रजी येते ते औद्योगिक न्यायालयाचे निकाल शब्दकोश घेऊन वाचता वाचता आले. तेव्हा यंत्रशास्त्राचे पंडित म्हणून आम्ही येथे उभे नाही. दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करणारा मनुष्य जितका सावध असावा लागतो तितके सावध मात्र आहोत.

ही वस्तू आली कोठून, ते आधी पाहू. १९८१ साली अमेरिकेत ऑस्बोर्न १ नावाचा संगणक निघाला. कोठेही उचलून नेता येतो, ही त्याची ख्याती. वजन सुमारे ११ किलो, पडदा पाच इंचांचा, आणि आत बॅटरीच नाही. म्हणजे न्यावयाचा कोठेही, पण चालवावयाचा भिंतीतल्या विजेवर. किंमत १,७९५ डॉलर. पुढे जानेवारी २००८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्ज यांनी भर व्यासपीठावर एका कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन १.३६ किलो आणि किंमत १,७९९ डॉलर. सत्तावीस वर्षांत आकडा चार डॉलरांनी वाढला आणि वजन आठवा हिस्सा उरले! डॉलरचे मोल मधल्या काळात घसरले ही गोष्ट वेगळी. तरी कारागिरीला दाद दिलीच पाहिजे.

परंतु त्या पाकिटात जे मावले नाही त्याची यादी टाळ्या वाजवणाऱ्यांनी केली नाही. त्या यंत्रात सीडी लावण्याची सोय नव्हती. तारेने नेटवर्क जोडण्याची सोय नव्हती. यूएसबीची जागा एकच होती. बॅटरी आपल्या हाताने बदलता येत नव्हती, आणि स्मृती, म्हणजे ज्याला रॅम म्हणतात ती, मूळ पाटीवर झाळून बसवलेली होती. पुढे वाढवायची म्हटली तरी वाढत नव्हती. पातळपणा हा काही आकाशातून पडत नाही. झाकणाचा स्क्रू, बॅटरीचा कप्पा, पंखा, जोडणीच्या जागा यांतून थोडी थोडी जागा काढून तो मिळवावा लागतो. आमच्या ओळखीच्या भाषेत सांगावयाचे तर ही कपात आहे; आणि कपात म्हटली की ती कोणाच्या वाट्याची झाली हे विचारण्याची आम्हास सवय आहे.

कपात कधी अंगाशीही येते. २०१५ साली त्याच कंपनीने ०.९२ किलोचे मॅकबुक काढले. त्यात कळा बसवण्यास जागा कमी पडली म्हणून कळफलक नव्या पद्धतीचा, अगदी चपटा केला. धुळीचा कण शिरला तरी कळ अडके, किंवा एकदा दाबली तर दोनदा उमटे. २०१८ साली कंपनीला तो फुकट दुरुस्त करून देण्याची योजना जाहीर करावी लागली, आणि २०२२ साली अमेरिकेतील ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात ५ कोटी डॉलर देण्याचे तिने मान्य केले. आता न्यायाची दुसरी बाजूही सांगतो. नोव्हेंबर २०२० मध्ये याच कंपनीने स्वतःच्या चिपचा एअर आणला, तेव्हा जुन्या तक्रारींपैकी निम्म्याअधिक निकालात निघाल्या. पंखा नाही म्हणून आवाज नाही. सकाळी भरलेली बॅटरी साध्या कामाला संध्याकाळपर्यंत पुरते. कळफलक तर त्याआधीच पुन्हा जुन्या, भरवशाच्या धर्तीचा झाला होता. मार्च २०२५ मधील एअरचे वजन १.२४ किलो आणि आपल्याकडची आरंभीची किंमत ९९,९०० रुपये. वस्तू चांगली आहे, यात वाद नाही. पण चांगली वस्तू आणि आपल्या कामाची वस्तू यांत फरक असतो. लग्नाचा शालू उत्तम असतो, म्हणून कोणी तो नेसून भात लावावयास जात नाही.

मग आपले काम ठरवावे कसे? याची युक्ती आम्हास मालकांनीच शिकवली. कारखान्यात रेट फिक्सर येतो, हातात स्टॉपवॉच घेऊन यंत्रापाशी उभा राहतो, आणि कामगार कोणत्या हालचालीस किती वेळ घेतो ते लिहून काढतो. या मनुष्याशी आम्ही उभ्या आयुष्यात जितके भांडलो तितके कोणाशी भांडलो नसू. पण त्याची वही मात्र उपयोगी चीज आहे! आम्ही ठरविले की या वेळी मापले जाईल ते यंत्र. कार्यालयातील जुन्या लॅपटॉपशेजारी एक वही ठेवली आणि दोन आठवडे जो बसेल त्याने लिहावयाचे: काम काय केले, कोठे बसून केले, भिंतीत वीज होती की नव्हती, यंत्राला काय काय जोडले, आणि कोठे खोळंबा झाला. मत लिहावयाचे नाही, घडले ते लिहावयाचे.

दोन आठवड्यांनी वही उघडली तो कार्यकारिणीतील वाद वाऱ्यावर उडून गेला. कार्यालयातील यंत्र जवळजवळ सारा वेळ त्याच टेबलावर, त्याच प्लगाशेजारी होते. त्याला सतत काही ना काही खुपसलेले असे: प्रिंटर, पेनड्राइव्ह, डिजिटल सहीचा टोकन, सभेच्या दिवशी प्रोजेक्टर. पातळ एअरला यांपैकी एकही वस्तू सरळ लागत नाही. मधे जोडणीची पट्टी, म्हणजे हब, घ्यावा लागतो. आणखी एक अडचण निघाली ती आम्ही कोणत्याही जाहिरातीत वाचली नव्हती. आमची पत्रके छापणारा प्रेसवाला श्रीलिपीत मजकूर मागतो, आणि हिशेबनीस टॅलीवर काम करतो. या दोन्ही गोष्टी विंडोजवर चालणाऱ्या. मॅकवर मराठी उत्तम टंकता येते, युनिकोडचे काम असेल तर काही अडत नाही. पण वीस वर्षांच्या जुन्या फायली उघडण्यासाठी निराळा खटाटोप करावा लागतो. टेबलावरच बसणाऱ्या यंत्राला हलकेपणासाठी पैसे मोजणे म्हणजे रात्रपाळीच्या वॉचमनला उन्हाची टोपी देणे होय.

पण वहीत दुसरेही एक पान होते. आमच्या एक कार्यकर्त्या बाई घरेलू कामगारांचे काम पाहतात. त्या सकाळी लोणावळा लोकलने निघतात, वस्त्यांतून फिरतात, ओट्यावर किंवा अंगणवाडीच्या पायरीवर बसून बायकांचे अर्ज भरतात आणि दिवेलागणीला परततात. प्लग कोठे मिळेल याचा नेम नाही. त्यांनी वहीत दोन आठवड्यांत चार वेळा लिहिले होते, "बॅटरी संपली, अर्ज उद्यावर." हे वाक्य वाचून आम्ही थांबलो. कारण अर्ज उद्यावर म्हणजे कोणा बाईचा आणखी एका दिवसाचा खाडा.

वजनाविषयी येथेच बोलून घेतो. पन्नास किलोचे पोते पाठीवर घेणारा हमाल ज्याने पाहिला आहे त्याला चारशे ग्रॅमची चर्चा पोरखेळ वाटेल. आम्हासही वाटली होती. मग त्या बाईंची पिशवी आम्ही काट्यावर ठेवून पाहिली. लॅपटॉप, त्याचा विटेएवढा चार्जर, अर्जांचे गठ्ठे, डबा, पाण्याची बाटली. गर्दीत उभ्याने एका खांद्यावर रोज हे ओझे वागवावयाचे असेल तर चारशे ग्रॅम थोडे नव्हेत. आणि खरी बचत लॅपटॉपात नसून चार्जरात आहे, ही गोष्ट दुकानदार सांगत नाही. दिवसभर बॅटरी पुरली तर चार्जर घरीच राहतो. म्हणून दोन यंत्रांचे वजन ताडून पाहताना चार्जरासकट पाहावे.

तेव्हा ठराव असा झाला: कार्यालयास साधा, जाड, चौदा इंची, रॅम वाढवता येणारा लॅपटॉप, आणि बाईंना हलका. गेटवर तोंड दाखवण्याची भीती ज्यांना होती त्यांना आम्ही वहीच दाखवली. प्रश्न लाखाच्या यंत्राचा नव्हताच. उद्यावर गेलेल्या चार दिवसांच्या अर्जांचा होता.

आता पैशाचा हिशेब. जाहिरातीतली किंमत ही मूळ पगारासारखी असते, तिच्यावर भत्ते चढतात. त्या २०२५ च्या एअरमध्ये ९९,९०० ला २५६ जीबी साठवण मिळे. ५१२ हवी तर १,१९,९००. आणि निर्णय खरेदीच्या दिवशीच करावा लागतो, कारण रॅम काय, साठवण काय, सारे झाळलेले. ऑक्टोबर २०२४ पर्यंत तर या यंत्रात आरंभीची रॅम ८ जीबीच असे. ज्यांनी तेव्हा काटकसर म्हणून आठाची घेतली त्यांना आज ती सोळाची करून घेण्याचा मार्ग नाही. म्हणून झाळलेले यंत्र घ्यावयाचे तर रॅम आजच्या गरजेहून मोठी घ्यावी; साठवणीत मात्र हात आखडला तरी चालेल, बाहेरून जोडावयाची डिस्क त्या २०,००० पेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. शिवाय हब, पिशवी, वाढीव हमी. सारे धरून सव्वा लाख झाले आणि यंत्र सहा वर्षे टिकले, तर वर्षाला सुमारे २०,८०० रुपये पडले. पन्नास हजारांचे साधे यंत्र पाच वर्षे टिकले आणि मधे बॅटरीला व रॅमला मिळून दहा हजार लागले, तर वर्षाला १२,०००. मधला फरक महिन्याला सातशेच्या पुढे. तो सातशेचा उपयोग आपणास दर महिन्यास होतो काय, एवढेच स्वतःला विचारावयाचे.

पातळ म्हणजे न उघडणारे असलेच पाहिजे, हा समजही खरा नव्हे. २०२१ साली अमेरिकेतील फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने १.३ किलोचा लॅपटॉप काढला, त्यात रॅम, बॅटरी, इतकेच काय जोडणीच्या जागासुद्धा मालकाला एका पेचकसाने बदलता येतात. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपच्या किमतीशेजारी दुरुस्तीयोग्यतेचे दहापैकी गुण छापावे लागतात. युरोपीय संघाच्या बॅटरीविषयक कायद्याने फेब्रुवारी २०२७ पासून अशा यंत्रांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्यास काढता येण्याजोग्या ठेवण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे कपात ही निसर्गाची आज्ञा नव्हती. दबाव आला की जागा सापडते. हा अनुभव आम्हास वाटाघाटींच्या टेबलावर अनेकदा आलेला आहे.

हप्त्यांबद्दल थोडे. "बिनव्याजी हप्ता" या शब्दाला भुलू नये. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीज अस्तित्वातच नाही. व्याज कोठे तरी किमतीत नाहीतर प्रक्रिया शुल्कात बसलेले असते. रोख घेणाऱ्यास किती सूट, हे विचारले की ते कोठे बसले आहे ते बहुधा दिसते.

आमच्या सभासदांची मुले कॉलेजात जातात आणि पहिल्या महिन्यातच घरी मागणी येते. येथे बापाने रागावू नये आणि भारावूनही जाऊ नये. मुलगी यंत्र अभियांत्रिकीला असेल तर तिला सॉलिडवर्क्ससारखी प्रणाली लागेल, ती विंडोजवरच चालते. शिवाय पंखा नसलेले यंत्र तासन्‌तास भारी काम दिले की तापते आणि आपणहून मंद होते. तिला पातळ यंत्र घेऊन देणे म्हणजे पैसे देऊन अडचण आणणे. मुलगा कायद्याला किंवा पत्रकारितेला असेल, वसतिगृह, ग्रंथालय, न्यायालय असा हिंडत असेल, तर हलके यंत्र त्याला खरोखर साजेल. वरच्या वर्गातील दोघांना विचारावे, दुकानात मागाहून जावे. दुकानात गेल्यावर तेथील पोऱ्यावर संतापू नये. तो बहुधा कंत्राटी असतो आणि महिन्याचे टार्गेट त्याच्या डोक्यावर असते. त्याच्याकडून वीस मिनिटे मागून घ्यावीत आणि यंत्रावर एक पानभर मराठी टंकून पाहावे. आपली रोजची पिशवी बरोबर न्यावी. आणि यंत्र ऐटीसाठीच हवे असेल तर तसे सांगून घ्यावे. ऐट करण्याचा हक्क कामगारालाही आहे. फक्त ती गरजेच्या खात्यावर टाकू नये.

एक प्रश्न मात्र आम्ही मुद्दाम शेवटी ठेवला होता. २०२० नंतर घरून काम करण्याची प्रथा पडली आणि कित्येक ठिकाणी नेमणुकीच्या वेळीच तोंडी सांगतात की लॅपटॉप स्वतःचा आणा, चांगला आणा. तेव्हा पोरगे पहिला पगार हाती पडण्याआधीच लाखाच्या हप्त्यात अडकते. गिरणीत कोणी माग घरून आणला नव्हता. मालकाच्या कामासाठी यंत्र लागत असेल तर ते मालकाने द्यावे, किंवा त्याचे भाडे द्यावे. आणि "स्वतःचा आणा" असे म्हणणाऱ्याकडून ते लेखी घ्यावे. लेखी मागितले की निम्म्या ठिकाणी कंपनीचे यंत्र कपाटातून बाहेर येते, असा आमचा अनुभव आहे.

आमच्या जुन्या लॅपटॉपचे काय झाले, असे मघाशी कोणी तरी विचारीत होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार बंद झाला आणि नवी आवृत्ती त्यावर चढेना. भंगारवाला आठशे रुपये देत होता. आमच्या एका सभासदाच्या मुलाने त्यावर लिनक्स घातले. आता तो वाचनालयाच्या कोपऱ्यात आहे, बॅटरी पार गेलेली, प्लग सदैव लावलेला, आणि पाळी सुटली की त्याच्यापुढे भविष्य निर्वाह निधीचे अर्ज भरणाऱ्यांची रांग असते.