थोड्यांच्या दुखण्याचा वाली कोण?
(वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर आजारपणाची गोष्ट कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. परंतु ज्या आजारांविषयी मी बोलणार आहे, ते बहुधा मुलांचे असतात, आणि घराखालोखाल ते नजरेस पडतात ते शाळेतच. शिवाय संस्था चालविणाऱ्यांपुढे बोलायचे असल्यामुळे आजारापेक्षा संस्थेविषयीच मी अधिक बोलणार आहे.

जगात दुर्मिळ व्याधींची संख्या सात हजारांच्या आसपास आहे. त्यांतील बहुतेक आनुवंशिक. शंभरांतील पाचांवरही खात्रीचे औषध नाही. एकेका व्याधीचे रुग्ण इतके थोडे की त्यांना ना मताचे वजन, ना बाजारात किंमत. साऱ्या व्याधींचे रुग्ण एकत्र मोजले म्हणजे मात्र तो आकडा कोट्यवधींच्या घरात जातो. आता ही माणसे एकत्र आणायची कोणी?

अमेरिकेत हे काम कनेक्टिकट राज्यातील ॲबी मायर्स नावाच्या एका गृहिणीने केले. त्यांच्या मुलाला टुरेट ही व्याधी होती. या व्याधीत मूल नकळत मान झटकते, डोळे मिचकावते, घशातून आवाज काढते. (शिक्षक मंडळींनी येथे क्षणभर थांबावे. अशा मुलाला खोडकर समजून वर्गाबाहेर उभे करणे फार सोपे असते.) पिमोझाइड या औषधाने त्याला गुण येत होता. पण इतक्या थोड्या रुग्णांसाठी खर्च करणे परवडत नाही म्हणून कंपनीने त्या औषधाचे काम थांबविले. औषध होते, गुणही येत होता, पण त्याला वाली नव्हता. अशा औषधांना इंग्रजीत ‘अनाथ’ म्हणतात ते याच अर्थाने.

बाईंनी आपल्या मुलापुरते औषध मिळविण्याची खटपट केली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्या मात्र हंटिंग्टन, मायोक्लोनस अशा व्याधींसाठी झटणाऱ्या छोट्या छोट्या संस्थांच्या दारी गेल्या. हे काम दिसते त्याहून कठीण आहे. ज्याचे मूल आजारी आहे, त्याला दुसऱ्याच्या मुलाचे दुखणे ऐकण्याइतकी सवड नसते, आणि सरकारकडून मिळणारा पैसा थोडा असला म्हणजे प्रत्येक संस्था दुसरीकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहू लागते. जॅक क्लुगमन या नटाच्या ‘क्विन्सी’ या दूरचित्रवाणी मालिकेने 1981 मध्ये हा प्रश्न घराघरांत पोचविला. प्रतिनिधी हेन्री वॅक्समन यांनी विधेयक लावून धरले. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी 4 जानेवारी 1983 रोजी त्यावर सही केली. दुर्मिळ व्याधीचे औषध काढणाऱ्यास सात वर्षे विक्रीचा एकाधिकार आणि चाचण्यांच्या खर्चावर करसवलत, असा हा कायदा. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत अशी जेमतेम दहा औषधे निघाली होती. त्यानंतर शेकडो निघाली. पिमोझाइडला 1984 मध्ये मान्यता मिळाली.

कायदा झाला, पांगापांग व्हायला हरकत नव्हती. तसे झाले नाही. त्याच वर्षी या मंडळींनी दुर्मिळ व्याधींची राष्ट्रीय संघटना स्थापन केली, आणि मायर्सबाई 2008 पर्यंत तिच्या प्रमुख होत्या. ज्यांच्या व्याधीला औषध सापडले ते, आणि ज्यांच्या व्याधीला धड नावही नाही ते, एकाच छताखाली बसले. माझ्या मते अशा संस्थेच्या नेत्याची हमदर्दी तपासायची असेल तर येथे तपासावी. आपले काम झाल्यावर तो कोणासाठी थांबतो?

दुसरी कसोटी अधिक कडू आहे. 1991 मध्ये गोशे या व्याधीवर विकराचे औषध आले. या व्याधीत शरीरातील एक विकर कमी पडते, यकृत व प्लीहा वाढून पोट फुगते, रक्त कमी होते, हाडे दुखतात. औषध उत्तम, परंतु किंमत वर्षाला लाखो डॉलर! ज्या कायद्यासाठी झगडा केला, त्याच्याच आडोशाने या किमती उभ्या राहिल्या. मायर्सबाईंनी त्यावर जाहीर टीका केली. औषध कंपन्यांच्या देणग्यांवर कितीतरी रुग्णसंस्था चालतात. तेथे असे बोलायला छाती लागते.

हीच व्याधी आणि हीच किंमत पुढे आपल्या देशात न्यायालयापुढे आली. दिल्लीतील एका रिक्षाचालकाच्या सात वर्षांच्या मुलाला गोशे होता. 17 एप्रिल 2014 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याला विनामूल्य औषध देण्याचा आदेश सरकारला दिला. केंद्राचे दुर्मिळ व्याधींचे धोरण 2017 मध्ये आले, स्थगित ठेवले गेले, आणि मार्च 2021 मध्ये नव्याने आले. मे 2022 पासून रुग्णामागे पन्नास लाख रुपयांपर्यंत मदतीची तरतूद आहे. ऐकायला रक्कम मोठी वाटते. पण औषध आयुष्यभर घ्यायचे, आणि मूल वाढेल तशी मात्रा वाढते. पन्नास लाख संपले की पुढे काय, हा प्रश्न पालक विचारतात, आणि संस्थेच्या माणसाने त्यांना खोटा दिलासा देऊ नये. “सध्या सोय इतकीच आहे, पुढच्यासाठी आपण मिळून अर्ज करू,” एवढे स्वच्छ सांगणारा माणूस त्यांना हवा असतो.

आता थोडे आपल्या घरातले. गोशेसारख्या व्याधीत आई आणि वडील दोघेही निरोगी दिसतात, पण दोघांकडेही दोष असलेला जनुक असतो, आणि प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याचा संभव चारात एक असतो. नात्यात लग्न झाले तर दोघांकडे एकच दोष असण्याचा संभव वाढतो. आपल्यात चुलत, मावस भावंडांत निकाह होतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी हिंदू घरांत मामाची मुलगी करतात. ही माहिती तरुणांना लग्नाआधी द्यावी, जरूर द्यावी. परंतु ज्या आईच्या मांडीवर आजारी मूल आहे, तिला “नात्यात केलेत म्हणून भोगा” असे सुनावणारा कार्यकर्ता तिला कायमचा गमावतो. ती पुन्हा येत नाही, पुढच्या बाळंतपणाआधी तपासणीही करीत नाही. आणि दोष द्यायचाच म्हटले, तरी जनुक निम्मा बापाकडून आलेला असतो. तरी सासर बोट दाखविते ते सुनेकडेच! घरी भेट द्यायला जाल तेव्हा सासूलाही समोर बसवा आणि हा हिशेब सर्वांदेखत मांडा.

शिक्षकांकडे माझे एक मागणे आहे. एखादे मूल वारंवार गैरहजर राहते, पोट फुगलेले, अंगात रक्त नाही, खेळताना चटकन थकते. किंवा काल येत होते ते आज त्याला जिना चढवत नाही. नाव पटावरून कमी करण्याआधी एकदा घरी जाऊन या. धोरणाखाली नेमलेल्या विशेष केंद्रांपैकी एक मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी, आधीचे सगळे कागद आणि घरात पूर्वी एखादे मूल असेच गेले असल्यास त्याची माहिती बरोबर न्यावी. पालकांना अर्ज लिहिता येत नसेल तर तो शाळेत बसून लिहून द्यावा.