बाजारापुरती छत्तीसगढी

अमेरिकेतलं लॉस एंजेलिस हे शहर 1781 साली स्पॅनिश राजवटीत वसलं. नावसुद्धा स्पॅनिशच. तरी तिथे दुकानात कुणी स्पॅनिश बोललं, तर ‘इथे इंग्रजी बोला’ असं सुनावणारे भेटतात. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 1998 मध्ये शाळांतलं द्विभाषी शिक्षण जवळजवळ बंदच पाडलं होतं. 2016 मध्ये त्यांनीच तो निर्णय फिरवला. त्यांना हसण्याआधी आपण छत्तीसगढमधल्या भिलाईकरांनी जरा आपल्या अंगणात बघावं.

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून इथे पोलाद कारखाना उभा राहिला. मल्याळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी आले, विदर्भातून आपण मराठी माणसंही आलो. घरात आपापली भाषा, शेजाऱ्याशी हिंदी. याला आपण मोठ्या कौतुकानं ‘मिनी इंडिया’ म्हणतो. या इंडियात छत्तीसगढी कुठे ऐकू येते? भाजीवालीशी घासाघीस करताना आणि कामवाल्या बाईला काम सांगताना. सगळी नोकरी इथे केलेल्या मराठी माणसाला ‘कतका मा देबे?’ (कितीला देणार?) विचारता येतं. पण त्याच बाईच्या घरी कुणी वारलं, तर दोन शब्द सांत्वनाचे बोलता येत नाहीत.

गावातून कारखान्यात लागलेला छत्तीसगढी माणूसही कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरात राहायला आला की पोरांशी हिंदीत बोलू लागतो. पोरांना कुणी ‘देहाती’ म्हणू नये, एवढंच त्याला हवं असतं. त्याला दोष कसा द्यावा? हा शब्द त्यानं आपल्याच तोंडून ऐकलेला असतो.

महाभारतातल्या कथा छत्तीसगढीत गाऊन सांगणाऱ्या, म्हणजे पंडवानी गाणाऱ्या तीजनबाई जवळच्याच गनियारीच्या. त्यांनी याच कारखान्यात नोकरी केली, पंडवानी परदेशात नेली, 2019 मध्ये पद्मविभूषण मिळवलं. त्यांच्या छत्तीसगढीला आपण टाळ्या वाजवतो, आणि रस्त्यातल्या छत्तीसगढीला हिंदीत उत्तर देतो.

2007 मध्ये राज्याच्या विधानसभेनं छत्तीसगढीला राजभाषा केलं. 2011 च्या जनगणनेत मात्र तिचे सुमारे 1 कोटी 62 लाख भाषक हिंदीच्याच रकान्यात मोजले गेले. मराठी कुणी असं दुसऱ्या भाषेत धरली असती, तर आपण केवढा गहजब केला असता!

गणेशोत्सवात मुलांचं मराठी सुधारावं म्हणून आपण वक्तृत्व स्पर्धा घेतो. जरूर घ्याव्यात. यंदा एक संध्याकाळ पंडवानीलाही द्यावी. निवेदन छत्तीसगढीत, आणि करणारा आपल्यातलाच कुणीतरी. उच्चार चुकतील, समोरचे हसतील. हसू द्यावं; त्यांचं हिंदी ऐकून आपण काही कमी हसलेलो नाही.