आधी पैसे मागणारा काम देत नसतो

(मॉडेलिंग करू पाहणाऱ्या मुला-मुलींसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी एका छायाचित्रकाराने नभोवाणीवर केलेल्या भाषणाचा हा संपादित भाग.)



‘मॉडेल व्हायचंय, सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षं मला विचारला जातो आहे. विचारणारी मुलं पूर्वी बहुतेक पुण्या-मुंबईची असत. आता ती चाळीसगावची, सावंतवाडीची, उदगीरचीही असतात. त्यांच्या मागे बहुधा आई किंवा वडील उभे असतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर वेगळाच प्रश्न असतो, ‘हे सगळं खरं असतं का हो?’ आज या दोन्ही प्रश्नांची उत्तरं द्यायची आहेत. पण त्याआधी मला एक कबुली द्यायची आहे.

१९९८ साली पुण्यात माझा लहानसा स्टुडिओ होता. हंगामात लग्नं आणि एरवी पोर्टफोलिओ. पोर्टफोलिओ म्हणजे काम मागायला जाताना मॉडेलनं बरोबर न्यायचा निवडक फोटोंचा संच. १९९४ मध्ये सुश्मिता सेन ‘मिस युनिव्हर्स’ झाली, ऐश्वर्या राय ‘मिस वर्ल्ड’ झाली आणि आमच्या धंद्याला बरकत आली. घरोघरच्या मुलींना आणि मुलांनाही आपण का नाही, असं वाटू लागलं.

एका दुपारी सोलापूर जिल्ह्यातून एसटीत कंडक्टर असलेले एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन आले. मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. चेहरा रेखीव, डोळे बोलके. तिला रॅम्पवर चालायचं होतं. ती दारातून आत आली तेव्हाच मला दिसलं होतं, की तिची उंची पाच फूट तीन इंचांच्या वर नाही. रॅम्पसाठी मुलीला साधारण पाच फूट आठ इंच लागतात, हे मला ठाऊक होतं. वडिलांनी विचारलं, ‘साहेब, होईल ना हिचं काम?’ मी म्हणालो, ‘फोटो फार छान येतील.’ खोटं काहीच बोललो नाही. पण त्यांनी जे विचारलं होतं, त्याचं उत्तरही दिलं नाही. चौदा हजार रुपये घेतले. ते त्यांनी पतसंस्थेतून कर्ज काढून आणले होते, हे मला नंतर कळलं.

दीड-दोन वर्षांनी तीच मुलगी नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला आली. मी अल्बमचं विचारलं. म्हणाली, ‘मुंबईत तीन ठिकाणी गेले. तिन्ही ठिकाणी आधी भिंतीला उभं करून उंची मोजली. अल्बम कुणी उघडलासुद्धा नाही.’ आणि मग, रागानं नव्हे, अगदी साधेपणानं तिनं विचारलं, ‘सर, तुमच्याकडे टेप नव्हती का?’

टेप होती. आणि नुसतं ‘नाही’ एवढंच उत्तर मला देता आलं असतं असंही नाही. त्या चेहऱ्याला साड्यांच्या, दागिन्यांच्या जाहिरातींत काम मिळू शकलं असतं. तिथं उंची एवढी आड येत नाही. ती वाट मी दाखवली नाही, कारण मी तसा विचारच केला नाही. मी पोर्टफोलिओ विकत होतो. त्या दिवसापासून मी आधी टेप लावतो, मग बोलतो. आजही तसंच करू या.

पहिली गोष्ट म्हणजे मॉडेलिंग हे एकच काम नव्हे. फॅशन शोचा रॅम्प हा त्यातला लहानसा भाग. तिथं डिझायनरचे कपडे ठरावीक मापाचे असतात, म्हणून उंचीची आणि मापाची अट असते. मुलींना साधारण पाच फूट आठ इंच, मुलांना सहा फुटांच्या आसपास. पण जाहिरातींना सगळ्या प्रकारची माणसं लागतात. बँकेच्या जाहिरातीतले आजोबा, तेलाच्या जाहिरातीतली आई, कॉलेजातला चष्मेवाला मुलगा, हे सगळे मॉडेलच. सुरतच्या साडीवाल्यांचे कॅटलॉग निघतात. आपल्याकडचे सराफ आणि साड्यांची दुकानं दसरा-दिवाळीला, लग्नसराईला फोटो काढून घेतात. ऑनलाइन विक्रीसाठी तर कपड्यांचे फोटो सतत लागतात आणि एका दिवसात तीस-चाळीस कपडे बदलत उभं राहावं लागतं. घड्याळ, अंगठी, नेलपॉलिश यांच्यासाठी नुसते हात लागतात. तेव्हा ‘मी मॉडेल होऊ शकेन का’ असं विचारण्याऐवजी ‘यातलं कोणतं काम मला जमेल’ असं विचारा. घरात दाराच्या चौकटीला पाठ लावून, चप्पल काढून उभे राहा आणि उंची मोजा. ती वाढवून सांगू नका. तिथं टेप असतेच.

दुसरी गोष्ट पहिल्या फोटोंची. त्यांना एक पैसाही लागत नाही. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, साध्या भिंतीसमोर उभे राहा. अंगाला नीट बसणारे साधे कपडे घाला, केस मागे बांधा, मेकअप करू नका. समोरून, दोन्ही बाजूंनी, थोडं वळून आणि डोक्यापासून पायापर्यंत असे पाच-सहा फोटो घरातल्या कुणाकडून तरी मोबाइलवर काढून घ्या. रंग उजळू नका, फिल्टर लावू नका. निवड करणाऱ्याला तुमचा खरा चेहरा आणि खरी कातडी पाहायची असते. सजावट करायला त्याच्याकडे माणसं आहेत. सोबत नाव, वय, शहर, उंची, मापं आणि बुटाचा नंबर लिहा. नाव-गाव सांगणारी, चेहरा दोन्ही बाजूंनी दाखवणारी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत करा. एजन्सीकडे पाठवायला सुरुवातीला एवढं पुरतं. हे पाहून कुणी बोलावलं, तर पोर्टफोलिओचा विचार करायचा. त्याच्या आधी नाही.

माझ्याच व्यवसायातली एक गोष्ट सांगतो, जी आम्ही गिऱ्हाइकाला सहसा सांगत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, तुम्ही पैसे देऊन स्वतःसाठी फोटो काढून घेतलेत आणि वेगळं काही लिहून दिलेलं नसेल, तर त्या फोटोंचा पहिला मालकी हक्क तुमचा असतो, फोटोग्राफरचा नाही. म्हणून स्टुडिओत सही करण्याआधी कागद वाचा. मूळ फाइल्स मागून घ्या.

आता पैशाचा व्यवहार. खरी एजन्सी कमिशनवर चालते. ती तुम्हाला काम मिळवून देते आणि मिळालेल्या पैशातून आपला वाटा कापून घेते. तो साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून काहीसा जास्त असतो. तुम्ही कमावलंत तर ती कमावणार. त्यामुळं चुकीचं माणूस घेऊन तिला परवडत नाही आणि ‘नाही’ म्हणायला ती कचरत नाही. याउलट जो नोंदणी फी मागतो, ‘कार्ड काढावं लागेल’ म्हणतो, ‘आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करा’ असा आग्रह धरतो, त्याची कमाई तुम्ही पैसे भरलेत त्याच क्षणी झालेली असते. तुम्हाला काम मिळो न मिळो, त्याचं काही अडत नाही. म्हणून अशा ठिकाणी सगळेच निवडले जातात! हॉटेलच्या हॉलमध्ये दोनशे मुलं आली आणि दोनशेही पास झाली, तर ती परीक्षा नव्हती, दुकान होतं. मीही त्या बाजारात होतो, म्हणून हे ठामपणे सांगतो.

आजकाल पेपरातल्या छोट्या जाहिरातीऐवजी मोबाइलवर संदेश येतो. मोठ्या कंपनीचं नाव असतं, उद्याच शूटिंग असतं आणि आज रात्रीपर्यंत पैसे भरायचे असतात. अशा वेळी एकच करा. त्या कंपनीच्या कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोधून काढा आणि विचारा. संदेशातल्या क्रमांकावर विचारू नका. पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

काम मिळालं, की करार येतो. त्यात तीन गोष्टी शोधा. तुमचा फोटो कुठं वापरणार, किती दिवस वापरणार आणि तेवढ्या काळात दुसरं कोणतं काम तुम्हाला करता येणार नाही. ‘सर्व माध्यमांत, जगभर, कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले, तर थांबा. एका दिवसाच्या मजुरीत तुम्ही जन्मभराचा चेहरा देऊन बसाल आणि उद्या दुसरी चहा कंपनी तुमच्याकडे येणार नाही, कारण पहिल्या चहाच्या पुड्यावर तुम्ही असाल. अठरा वर्षांखालच्या मुलानं केलेला करार कायद्यानं टिकत नाही. तिथं पालकांनीच वाचायचं, पालकांनीच बोलायचं. आणि पैसे हातात यायला दोन-तीन महिने लागणं नेहमीचंच आहे. पुढच्या महिन्याचं खोलीभाडं त्या पैशांवर ठरवू नका.

यानंतरचा विषय वजनाचा. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये ब्राझीलची आना कॅरोलिना रेस्तों ही मॉडेल वयाच्या एकविसाव्या वर्षी गेली. तिला न खाण्याचा आजार जडला होता. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन शोनं उंची-वजनाच्या प्रमाणाचा आकडा, म्हणजे बीएमआय, अठराच्या खाली असलेल्या मुलींना रॅम्प बंद केला. पाच फूट आठ इंच उंचीच्या मुलीसाठी याचा अर्थ साधारण ५४ किलोंच्या खाली जायचं नाही. फ्रान्सनं २०१७ पासून मॉडेलसाठी डॉक्टरचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. तेव्हा ‘आणखी चार किलो उतरव’ असं कुणी म्हणालं, तर आधी डॉक्टरला विचारा. मुलगी जेवणाच्या ताटावरून लवकर उठू लागली, तर आईनं ते कौतुकानं पाहू नये.

आणि सुरक्षितता. निवडीसाठी बोलावणं दिवसा आणि कार्यालयात किंवा स्टुडिओतच असावं. पहिल्या वेळी सोबत कुणीतरी न्यावं. खऱ्या माणसाला त्याची हरकत नसते. ‘मापं पाहायची आहेत’ असं सांगून कुणी कमी कपड्यांतले फोटो खासगीत मागवले, तर पाठवू नयेत. एक महत्त्वाची माहिती सांगतो. कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा केवळ कायम नोकरीतल्या बायकांसाठी नाही. तात्पुरतं, रोजंदारीवर किंवा एजंटामार्फत काम करणारीलाही तो लागू आहे. जिथं दहापेक्षा कमी माणसं काम करतात किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तिथं जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची असते.

हे ऐकून कुणाला वाटेल, की मी मुलांना घाबरवतो आहे. तसं नाही. या क्षेत्रात मराठी घरांतून आलेल्यांनी नाव काढलं आहे. मधू सप्रे खेळाडू होती. १९९२ मध्ये ती ‘मिस इंडिया’ झाली आणि त्याच वर्षीच्या ‘मिस युनिव्हर्स’ स्पर्धेत तिसरी आली. मिलिंद सोमण राष्ट्रीय पातळीवरचा जलतरणपटू होता. अदिती गोवित्रीकर डॉक्टर होती, २००१ मध्ये ती ‘मिसेस वर्ल्ड’ झाली. या तिघांकडे पाहिलं, की एक गोष्ट लक्षात येते. मॉडेलिंगला येताना प्रत्येकाच्या हातात दुसरं काहीतरी होतं. ज्याच्या हातात दुसरं काही आहे, त्याला वाईट करारावर सही न करता उठून जाता येतं. शिक्षण पूर्ण करा असं मी म्हणतो ते याच कारणासाठी. ते मोडून मुंबईची गाडी धरू नका. आपल्याच शहरातल्या दुकानाचं, सराफाचं एखादं काम आधी करून पाहा. दिव्यांच्या उष्णतेत आठ तास हसऱ्या चेहऱ्यानं उभं राहता येतं का, ते तिथं समजेल.

ती सोलापूरकडची मुलगी पुढे नोकरीला लागली. जाताना तिनं नोकरीच्या फोटोचे पैसे विचारले. मला ते घेववले नाहीत. पण पाच-पन्नास रुपये न घेतल्यानं चौदा हजार फिटत नाहीत, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. ‘होईल ना हिचं काम?’ असं विचारणाऱ्या प्रत्येक वडिलांना आता मी आधी मुलीची उंची विचारतो आणि मग खरं काय ते सांगतो. कधी गिऱ्हाईक उठून जातं. जाऊ द्यावं.

तुम्हीही पैसे काढण्याआधी समोरच्याला एवढंच विचारा, ‘मला काम मिळालं नाही, तर तुमचं काय नुकसान होईल?’ उत्तर ‘काहीच नाही’ असं असेल, तर पाकीट खिशात ठेवा आणि घरी या.