मल्लवर्य खाशाबा जाधव
(दापोली येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कराडजवळील गोळेश्वर गावी १९२६ साली जन्मलेले खाशाबा जाधव अंगापिंडाने लहानखुरे होते. परंतु चपळाई हेच त्यांचे बळ. प्रतिस्पर्ध्याची मान कवेत जखडून त्यास क्षणार्धात जमिनीवर आपटणारा ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव.

तांबड्या मातीत घडलेला हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर उतरला व सहावा आला. मातीतील कुस्ती चीतपटीने सुटते. गादीवर वेळेचे बंधन आणि पंचांचा निर्णय. हे निराळे तंत्र त्यांनी चार वर्षांत आत्मसात केले आणि १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

परंतु त्या प्रवासाच्या खर्चासाठी वर्गणी गोळा करावी लागली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवले, हे आपण विसरू नये.

आपला ज्ञातिफंड परीक्षेतील गुण पाहून शिष्यवृत्त्या देतो, ते योग्यच आहे. त्यातील एक वाटा आखाड्यात व मैदानावर घाम गाळणाऱ्या मुलामुलींसाठीही राखून ठेवावा, अशी माझी कार्यकारी मंडळास नम्र विनंती आहे.