उपचाराचे दार आणि परदेशी रुग्ण



मला ‘व्यसनमुक्ती’ हा विषय देण्यात आला आहे. त्यातील एका प्रश्नापुरतेच मी बोलणार आहे. जो रुग्ण आज व्यसन सोडू शकत नाही, त्याचे आज काय करायचे? वैद्यकात या विचाराला ‘हार्म रिडक्शन’, म्हणजे हानी कमी करणे, असे म्हणतात. व्यसन सुटेल तेव्हा सुटेल, तोपर्यंत माणूस जिवंत राहिला पाहिजे, हे त्याचे साधे सूत्र. उदाहरण कुवेतचे घेते. परिचारिका म्हणून १९९० च्या ऑगस्टपर्यंतची माझी दहा वर्षे तेथे गेली, आणि आपल्या अलिबाग-रेवदंड्याकडची मुले आजही आखातात कष्ट करीत आहेत.

कुवेतमध्ये दारूला बंदी आहे. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये तेथे विषारी दारूने हाहाकार उडवला. आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार १६० जणांना विषबाधा झाली आणि २३ जण दगावले. ५१ जणांना तातडीने डायलिसिस द्यावे लागले, ३१ जणांना श्वसनयंत्रावर ठेवावे लागले, तर २१ जणांची दृष्टी गेली किंवा कायमची अधू झाली. बळी पडलेले सारे आशियाई देशांतून पोटासाठी आलेले लोक होते. आपल्या मालवणीत जून २०१५ मध्ये याच विषाने शंभराहून अधिक माणसे नेली.

हे विष म्हणजे मिथेनॉल. यकृतात त्याचे फॉर्मिक आम्ल बनते आणि ते डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालते. मात्र बहुधा बारा ते चोवीस तासांपर्यंत रुग्णाला साधी नशाच वाटत राहते. मग डोके दुखते, पोटात कळा येतात, डोळ्यांपुढे धुके येते. या अवधीत तो रुग्णालयात पोहोचला, तर फोमेपिझोल किंवा शुद्ध इथेनॉल देऊन आम्ल बनण्याची क्रिया थांबवता येते आणि डायलिसिसने विष बाहेर काढता येते. एका खोलीत सहाजण राहतात, तेथे हा मोलाचा वेळ कशात जातो? “पोलीस आले तर?” या कुजबुजीत.

अमली पदार्थांच्या बाबतीतही असेच घडते. बेशुद्ध माणसाला अपघात विभागाच्या दारात ठेवून मित्र पसार झालेले मी अनेकदा पाहिले. त्याने काय घेतले, केव्हा घेतले, सांगणारे कोणी नसे. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास मंद दिसला की हेरॉइनसारख्या पदार्थाचा संशय आम्ही घ्यायचो. नॅलोक्सोन टोचले की काही मिनिटांत श्वास परतत असे. मात्र आणायला उशीर झालेल्यांना त्याचाही उपयोग होत नसे.

कुवेतचा कायदा केवळ निष्ठुर आहे, असे मी म्हणणार नाही. १९८३ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातच तरतूद होती की, स्वतःहून उपचार मागणाऱ्या व्यसनी माणसावर खटला भरू नये. शिक्षेऐवजी उपचारासाठी पाठविण्याची मुभाही न्यायालयाला होती. २०२५ च्या नव्या कायद्याने शिक्षा अधिक कडक केल्या, तरी उपचाराची वाट खुली ठेवली. आपल्याकडेही अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. पण ज्याचा परवाना कफीलच्या हाती, दोषी ठरल्यास ज्याची देशाबाहेर रवानगी ठरलेली, आणि ज्याच्या पगाराकडे गावी चार तोंडे पाहत आहेत, तो त्या दारापर्यंत जाण्याचे धाडस कसे करणार?

“स्वच्छ सुया वाटणे म्हणजे व्यसनाला उत्तेजन देणे” असा आक्षेप मी फार ऐकला आहे, बहुधा ज्यांनी असा रुग्ण जवळून पाहिलेला नाही त्यांच्याकडून. टोचून घेणारा आधीपासूनच टोचून घेत असतो. उष्टी सुई त्याला एचआयव्ही आणि हिपॅटायटिस-सी देते, आणि तो रोग त्याच्या घरापर्यंत पोहोचतो. मुंबईत ‘संकल्प’ ही संस्था १९९५ पासून अशा रुग्णांमध्ये काम करते आहे. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही पर्यायी औषधे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. कुवेतच्या समोरच्या किनाऱ्यावरील इराणने, तोही कडक कायद्याचा देश असून, तुरुंगातील कैद्यांना मेथाडोन दिले आहे. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून संपूर्ण व्यसनमुक्तीचे जे कार्य केले, त्याचा मला नितांत आदर आहे. पण तेथे पोहोचायलाही रुग्ण आधी जगायला हवा.

माझी मागणी लहान आहे. जे अभय स्वतःहून येणाऱ्या रुग्णाला मिळते, ते त्याला उचलून आणणाऱ्यालाही मिळावे, मग तो कोणत्याही देशाचा असो. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला आपल्या कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. नशेने कोसळलेल्याला आणणाऱ्यासाठी तसे स्पष्ट शब्द अद्याप नाहीत.

ज्यांची मुले परदेशी निघाली आहेत त्यांनी त्यांना एवढे शिकवून पाठवावे. बेशुद्ध सोबत्याला कुशीवर वळवावे, त्याच्या तोंडात काही घालू नये, ‘झोपून उतरेल’ म्हणून त्याला एकटे सोडू नये. श्वास थांबत असेल तर तोंडाने श्वास द्यावा. डॉक्टरांना काय घेतले आणि किती वाजता घेतले, ते खरे सांगावे. बाटली किंवा पुडी असेल तर दाखवावी. कुवेतमध्ये रुग्णवाहिकेसाठी ११२ हा क्रमांक आहे, आणि भारतातही तोच चालतो.