अर्जातील आत्मनिवेदन आणि आपली आत्मप्रौढी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी शिष्यवृत्ती उपसमितीच्या वतीने केलेले भाषण)



आज ज्या मुलामुलींचा आपण सत्कार केला, त्यांचे कौतुक माझ्या आधीच्या वक्त्यांनी भरपूर केले आहे. त्यात मी भर घालीत नाही. उपसमितीचे काम करताना गेली काही वर्षे एक गोष्ट माझ्या मनाला सलत आली आहे. ती घरच्या माणसांपुढे एकदा बोलून टाकावी, एवढाच माझा हेतू आहे.

परदेशी विद्यापीठांत जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांकडून आम्ही मदतीच्या अर्जासोबत, तेथे पाठवावयाच्या आत्मनिवेदनाची प्रत मागवितो. ज्यांना याची कल्पना नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ब्रिटनमधील विद्यापीठांचे पदवीचे अर्ज यूकॅस या एकाच संस्थेमार्फत जातात व त्यांत, मोकळ्या जागाही धरून, 4,000 अक्षरांत उमेदवाराने स्वतःविषयी लिहावयाचे असते. पूर्वी हा एक सलग निबंध असे. 2026 च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न झाले : हा विषय का घ्यावयाचा, आजवरच्या शिक्षणाने त्याची काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व ते कसे उपयोगी पडले. अमेरिकेत अनेक विद्यापीठांना चालणारा कॉमन अ‍ॅप नावाचा अर्ज आहे; त्यात 650 शब्दांपर्यंतचा निबंध, शिवाय दहापर्यंत उपक्रमांची यादी. प्रत्येक उपक्रमातील पदासाठी 50 अक्षरे आणि वर्णनासाठी 150. इतक्या अरुंद गल्लीतून आपली मुले हत्तीवर बसून जाऊ पाहतात!

सतरा वर्षांचा मुलगा लिहितो की, आपले नेतृत्वगुण लहानपणापासूनच सर्वांच्या नजरेत भरत आले आहेत. दुसरा लिहितो की, अर्थशास्त्र हा आपला श्वास आहे. परंतु अर्थशास्त्राचे एखादे पुस्तक वाचल्याचा मागमूस त्या चार हजार अक्षरांत सापडत नाही. एका मुलीने ग्रामीण स्त्रियांचे जीवन पालटून टाकले होते. चौकशी करता एका रविवारी शहापूरकडच्या एका पाड्यावर जाऊन जुने कपडे वाटून आल्याचे निघाले. 'संस्थापक' तर आता इतके झाले आहेत की, साधा सभासद व्हावयास कोणी उरलेला दिसत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणारे माझे एक स्नेही सांगत होते की, अशाच एका नवजात संस्थेने त्यांच्या मुलांना वह्या वाटल्या, पण पहिल्या वेळी छायाचित्र नीट आले नाही, म्हणून मुलांकडून त्या परत घेऊन पुन्हा वाटल्या.

हे सारे मुलांना कोठून सुचते, असे आपण विचाराल. काही शिकवणीवाल्यांकडून, काही शुल्क घेऊन अर्ज घडवून देणाऱ्या सल्लागारांकडून, आणि आता संगणकही क्षणार्धात असे निवेदन लिहून हातात ठेवतो. परंतु दोष त्यांच्यावर ढकलून आपण मोकळे होऊ नये. समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणे सांगताना आपलीच स्तुती करणाऱ्याला त्यांत बसविले आहे, आणि तेथेच वडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही सोडलेले नाही. आपल्या स्मरणिकांतील परिचयाची पाने जरा या दृष्टीने चाळून पाहावीत. 'ख्यातनाम', 'अष्टपैलू', 'धडाडीचे' ही विशेषणे आपण वाणसामानासारखी तोलून देत आलो आहोत. मुलांनी ती घरातूनच उचलली.

या पापात माझाही वाटा आहे. माझा नातू अर्ज भरीत असता त्याने 'मित्रांबरोबर सोसायटीच्या आवारातील झाडांची नोंद केली' असे साधे वाक्य लिहिले होते. मला ते फारच मिळमिळीत वाटले. मी त्याला म्हटले, "अरे, झाडे मोजली असे काय लिहितोस! पर्यावरण संघटनेचा संस्थापक असे लिही." आजोबांचा शब्द म्हणून त्याने ते लिहिले. पुढे मुलाखतीत त्याला पहिलाच प्रश्न आला की, तुमच्या संघटनेचे सभासद किती? तो "दोन" म्हणाला. दुसरा कोण, तर आतेभाऊ. ते हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. झाडांविषयी त्याला कोणी काहीच विचारले नाही. चौऱ्याऐंशी झाडांची वही त्याने पिशवीतून बरोबर नेली होती, ती पिशवीतच राहिली. घरी आल्यावर तो मला काही बोलला नाही, आणि तेच मला अधिक लागले.

वाचणारा मनुष्य कसा वाचीत असेल, याचाही विचार आपण करीत नाही. त्याच्यापुढे अशा निवेदनांचा ढीग असतो. 2007 साली यूकॅसने सुमारे 50,000 निवेदने संगणकाकडून ताडून पाहविली, तेव्हा 234 निवेदनांत एकच हकीकत आढळली : आठव्या वर्षी घरी रसायनांचे प्रयोग करताना उमेदवाराच्या पायजम्याला भोक पडले व तेव्हापासून त्याला विज्ञानाची गोडी लागली! एका नमुन्यावरून सर्वांनी उतरवून घेतलेली ती गोष्ट होती. ज्याचा खरोखरच पायजमा जळला असेल, त्या बिचाऱ्याची त्या गर्दीत काय अवस्था झाली असेल! आत्मप्रौढीचेही तसेच होते. 'उत्कट', 'अथक', 'अद्वितीय' हे शब्द सगळेच वापरतात. त्यामुळे अद्वितीय म्हणविणारे सारे एकसारखे दिसू लागतात. ब्रिटनमध्ये पुष्कळ ठिकाणी तो विषय शिकविणारे अध्यापकच हे कागद पाहतात. मुलगा किती थोर आहे, यापेक्षा त्याला शिकविताना काय अनुभव येईल, तो एखाद्या प्रश्नापाशी किती वेळ थांबू शकतो, हे त्यांना पाहावयाचे असते.

येथे मला महर्षी कर्वे यांचे आत्मवृत्त आठवते. 1915 साली ते प्रसिद्ध झाले. विद्यार्थिदशेत परीक्षेला बसण्यासाठी कर्वे मुरुडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास गेले, आणि तेथे वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. एवढी पायपीट करून ते हात हलवीत परत आले. आजचा सल्लागार या प्रसंगातून जिद्द, चिकाटी, ध्येयनिष्ठा असे तीन गुण काढून त्यांची तोरणे बांधील. कर्व्यांच्या जीवनकथेत मात्र ध्यानात राहतो तो रस्ता, आणि रस्त्याच्या शेवटी मिळालेला नकार.

याचा अर्थ मुलांनी मान खाली घालून गप्प बसावे, असा नव्हे. "मी काय केले हो, सारे गुरुजनांचे आशीर्वाद" असे लिहून पाठविणारेही आमच्याकडे येतात, आणि त्यांच्या कागदातूनही काहीच कळत नाही. मला असे दिसून आले आहे की, ही दोन्ही माणसे एकाच गोष्टीला लाजत असतात : आपल्या खऱ्या, रोजच्या आयुष्याला. एक ते झाकण्यासाठी ढोल वाजवितो, दुसरा दार लावून घेतो.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगतो. संबंधितांची अनुमती घेतली आहे. संख्याशास्त्र शिकण्यासाठी ब्रिटनला जाऊ पाहणारी आपल्यातील एक मुलगी उपसमितीपुढे आली. तिच्या निवेदनाचा मसुदा एका सल्लागाराने बनवून दिला होता. त्यात असे होते की, तिने एका कौटुंबिक अन्नप्रक्रिया उद्योगाच्या पुरवठा-साखळीत क्रांती घडवून आणली. आम्ही चौघेही ते वाक्य दोनदा वाचून एकमेकांकडे पाहू लागलो. मी विचारले, "बाळ, हा उद्योग कोणता गं?" ती वडिलांकडे पाहू लागली. वडील म्हणाले, "अहो, आमची पिठाची गिरणी. पण ते कशाला लिहायचे, म्हणून मीच नको म्हटले होते."

"आणि क्रांती कोणती?"

"काका, क्रांती काही नाही. मी फक्त वहीत लिहून ठेवीत होते," ती म्हणाली.

ती वही तिने दुसऱ्या दिवशी आणून दाखविली. दोन वर्षे तिने रोजची दळणे लिहिली होती : किती डबे आले, कोणते धान्य, किती किलो, मोटार किती वेळ चालली. दिवाळीच्या आधी गिरणीपुढे रांग लागते व वडील रात्री दमून घरी येतात, म्हणून त्या दिवसांत मिळकत खूप होते असा घरातील सर्वांचा समज होता. वहीने वेगळेच सांगितले. त्या आठवड्यांत दळणे लहान लहान, कोणाची भाजणी, कोणाचे बेसन, कोणाचे अनारशांचे पीठ. एका दळणाचा वास दुसऱ्याला लागू नये म्हणून दर वेळी जाते झाडून घ्यावे लागे. तासाला पडणारी मिळकत साध्या दिवसांच्या गव्हा-ज्वारीपेक्षा कमी भरत होती. तिने वडिलांना सुचविले की, भाजणी सकाळी, डाळी दुपारी आणि गहू-ज्वारी संध्याकाळी अशी वेळ बांधून द्यावी. वडिलांनी एक दिवाळी तसे करून पाहिले. गिऱ्हाइके थोडी कुरकुरली, दोन तुटलीही, हेही तिने वहीत लिहून ठेवले होते. सकाळ-संध्याकाळचा फरक खरा की योगायोगाचा, हे कसे ओळखावे याचे उत्तर तिला सापडत नव्हते, आणि ते शिकावे म्हणूनच तिला संख्याशास्त्र हवे होते.

आम्ही तिला म्हटले, हेच लिही. तिने ते स्वतः लिहिले. एकही विशेषण नव्हते. लिहून झाल्यावर तिने ते इंग्रजीतून वाचून, मग वडिलांना मराठीतून सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दोन गिऱ्हाइके तुटली, तेही लिहिलेस?" ती हो म्हणाली. "आणि तिकडच्या साहेबाला गिरणी म्हणजे काय ते कसे कळणार?"

ती म्हणाली, "बाबा, अजून दीडशे अक्षरे शिल्लक आहेत. त्यात सांगते."